दुपट्टा टाकलेली जागा

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडवर संध्याकाळच्या गाडीत आधी दुपट्टे बसतात, माणसं नंतर. चंद्रपूरहून आलेली गाडी स्टँडात वळसा घेते, तोवरच खाली ताटकळलेले बाबू लोक तिच्या बाजूनं पळायला लागतात आणि उघड्या खिडक्यांमधून एकेक चौकडीचा दुपट्टा आत फेकतात. गळ्यातला, दिवसभर घाम पुसलेला. तो जिथे पडला ती जागा त्याच्या मालकाची. मग मालक टपरीवर जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतो, दोन गोष्टी करतो आणि सगळ्यांच्या शेवटी चढून, उभ्या बायकांना कोपरानं सारत आपल्या जागेवर जाऊन टेकतो. मी तिकीट काढून उभी आणि तो मळका फडका ऐसपैस बसलेला, हे इतकी वर्षं पाहिलंय की आता दुकानात टांगलेलं चौकडीचं कापड दिसलं तरी माझं डोकं फिरतं.

हे सगळे अपडाऊनवाले. नोकरी पोंभुर्ण्यात, घर चंद्रपुरात. सकाळी येतात, संध्याकाळी जातात, आणि मधल्या रस्त्यावर माणसं राहतात हे त्यांना मान्यच नाही. गाडी कुठे थांबली की यांच्या कपाळाला आठ्या. “झालं, आता हे थांबणार झाडाझाडापाशी!” त्या झाडांपैकी एका झाडाखाली मी उतरते. तो आमचा फाटा. आजूबाजूला जंगल, फाट्यापासून आत अर्धा तास चाललं की आमचं गाव. मी पोंभुर्ण्यात एका खाजगी डॉक्टरकडे ड्रेसिंग करते, इंजेक्शनं देते. म्हणजे अपडाऊन मीही करते, पण मला ते आपल्यात धरत नाहीत. त्यांनी धरावं असं मलाही वाटत नाही.

बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर विचारू नका. त्यांच्यात एक पुढारी आहे, जाड मिशीचा, कुठल्याशा कार्यालयात आहे. दुपट्टा फेकण्यात याचा नेम कधी चुकत नाही. एकदा मी त्याच्या फडक्यावरच बसले. तो आला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, “बाई, अर्ध्या तिकिटाले अर्धीच सीट भेटते. सरका तिकडं.”

“मंग तुमच्या पोटाले दोन तिकिटं लागतीन,” मी म्हणाले. “कंडक्टर भाऊ, याह्यचं अजून एक फाडा.”

मागच्या बायका खो खो हसल्या. मी काही उठले नाही. पण मिशीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. त्या दिवसापासून आमचा उघड दावा.

माझ्यासोबत फाट्यावर उतरणारी एकच होती. आमच्या गावची पोरगी, बारावी सायन्सला. तिचा बाप तलावात मासे धरतो, थोडी धानाची शेती आहे. पोरगी हुशार, कमी बोलणारी, पण एकदा माझ्याकडे इंजेक्शन घ्यायला आली आणि माझ्याच हातातल्या सिरिंजकडे टक लावून बघत बसली, तेव्हाच मी ओळखलं होतं. “बाई, मले नर्सिंग करायचं आहे,” असं तिनं मला पहिल्यांदा सांगितलं, घरी नंतर. दुपारची गाडी तिला पकडता यायची नाही, कारण प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालायचं. म्हणून माझ्यासोबत शेवटची गाडी. मी स्टँडावर आधी पोचले तर तिच्यासाठी जागा धरायची, ती आधी पोचली तर माझ्यासाठी. आम्हा दोघींपाशी फेकायला दुपट्टा नव्हता असं नाही, तिच्या गळ्यात कॉलेजची ओढणी असायची. पण मी तिला ठणकावून सांगितलं होतं, कापड फेकायचं नाही, चढायचं आणि बसायचं. त्यामुळे बहुतेक दिवशी आम्ही उभ्याच.

उभं राहायचं मला काही नाही, पाय दुखले तर दुखले. खरी भीती फाट्याची. तो सगळा पट्टा वाघाच्या वावराचा. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेला शेजारच्या गावचा एक माणूस परत आला नाही. तेव्हापासून आमच्या गावात नियमच झाला की संध्याकाळी फाट्यापासून घरापर्यंत बाईमाणसानं एकटं चालायचं नाही. गाडीच्या वेळेला कोणीतरी बॅटरी, काठी आणि वाजवायला रिकामा डबा घेऊन फाट्यावर हजर पाहिजे. एक दिवस माझ्या नवऱ्याचा नंबर, एक दिवस तिच्या बापाचा. फाट्यावर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे गाडी उशिरा येतेय की येतच नाही हे उभं राहूनच कळायचं. दोघंही न कुरकुरता उभे राहायचे.

बापानं पोरीला एकच अट घातली होती, आणि ती माझ्यासमोर घातली होती. “बाई, तुमच्या भरोशावर पाठवतो. गाडी फाट्यावर थांबली पाह्यजे अन् पोट्टी माह्या समोर उतरली पाह्यजे. ज्या दिवशी उलटंसुलटं झालं, त्या दिवशी कॉलेज बंद.” मी हो म्हणाले. माझ्या म्हणण्यानं गाडी थांबत असती तर काय पाहिजे होतं!

कारण गाडी खचाखच भरली की थांबेलच याचा भरवसा नाही. दोनदा असं झालं की आम्ही दारापर्यंत पोचेस्तोवर गाडी फाटा सोडून पुढं निघाली आणि नाल्यावरच्या पुलियापाशी थांबली. दोन्ही वेळा माझ्या नवऱ्याचा नंबर होता. तो बॅटरी घेऊन जंगलातल्या पायवाटेनं धावत पुलियापर्यंत आला, कारण सडकेनं वळसा पडतो. दोन्ही वेळा मी पोरीला सांगितलं, घरी बोलू नको. तीही बोलली नाही.

मग धानाची रोवणी सुरू झाली. त्या दिवसांत गाडी कशी असते ते बघायला पाहिजे. गावोगावच्या रोवणीच्या बाया दिवसभर चिखलात वाकून रोपं लावतात आणि त्याच ओल्या लुगड्यांनी परतीच्या गाडीत चढतात. त्यांच्या पायांचा चिखल, डोक्यावरची प्लास्टिकची घोंगडी, हातातले डबे, आणि बसलेल्या साहेबांच्या पॅन्टी. “अवं बाई, लांब हो ना, कपडे खराब करून राह्यली!” लांब कुठे होणार? खिडकीतून बाहेर? ज्यांनी लावलेला धान हे वर्षभर खातात त्यांना हे असं बोलतात, आणि त्या बिचाऱ्या बाया खरंच अंग चोरून उभ्या राहतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी पार मागं ढकललो गेलो होतो. गाडीचं दार पुढं. मध्ये इतकी माणसं की कंडक्टर स्वतःच अर्ध्यात अडकून तिकिटं फाडत होता. आभाळ भरलेलं, त्यामुळे अंधार लवकर पडलेला. नंबर पोरीच्या बापाचा. मी फाट्याच्या बरंच आधी हाकारा सुरू केला. “फाटा आहे हो! दोन उतरणार आहेत! वाट द्या जरा!” वाट कोण देतो? एक म्हणाला, “आता चढले अन् आता उतरते.” मी दोन्ही कोपरं वापरली. मला सभ्यपणा शिकवायला कोणी येऊ नये. पोरगी माझ्या पदराला धरून मागून येत होती.

ड्रायव्हरनं फाटा ओळखला. गाडी हळू झाली, मला कळलं. आता आमच्याकडं घंटीचा हिशेब असा आहे की दोरी एकदा ओढली तर थांबायचं आणि दोनदा ओढली तर निघायचं. दोरी ओढायचं काम कंडक्टरचं. पण अपडाऊनवाल्यांना गाडी आपल्या बापाची वाटते, ते बसल्या जागेवरून हात वर करून खुशाल दोरी ओढतात. गाडी हळू झाली आणि मिशीवाल्यानं हात वर केला. टण टण. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्याकडं बघत ओढली त्यानं.

ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनं दिली. गाडीनं वेग घेतला.

“थांबवा! थांबवा म्हणते ना!” मी दोन बायांच्या मधून हात घालून दोरी पकडली आणि ओढतच सुटले. घंटी बोंबलत राहिली, ड्रायव्हरला काही समजेना, आणि शेवटी गाडी थांबली ती पुलियाच्याही पुढं.

“उतरा आता,” कंडक्टर म्हणाला.

“इथी काऊन उतरू? मागं घ्या गाडी.”

“एवढी मोठी गाडी मागं कशी घेतील बाई? चालत जा ना, दोन मिनिटाचं तं आहे.”

“तुम्ही या मंग सोबत दोन मिनिटं. चला!”

तो काही आला नाही. मी दाराच्या पायरीवर बसले, पाय बाहेर सोडून. पायरीवर माणूस बसलेलं असताना कोणताही ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हे मला माहीत होतं. आणि मग सगळी गाडी माझ्यावर उठली. नाटकं करून राह्यली. आमची लेकरं घरी वाट पाहून राह्यली. रोजचंच आहे हिचं. रोवणीवाल्या बायाही म्हणाल्या, “बाई, आम्हालेही सयपाक करायचा आहे.” त्यांचं खोटं नव्हतं, पण मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. मिशीवाला वरून म्हणाला, “फेका खाली अन् चला.”

“घंटी कोणं मारली ते सांगू का सगळ्यायले?” मी ओरडले. “कंडक्टर भाऊ, डबल घंटी तुम्ही मारली का?”

कंडक्टर पैशांच्या बॅगेत बघायला लागला. त्याला माहीत होतं. ड्रायव्हरनं मात्र वळून त्याच्याकडं पाहिलं. “तू नाई मारली?” कंडक्टरनं मान हलवली, नाही म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, “फाट्यावर बॅटरी दिसली होती मले. घंटी पडली म्हणून निंगलो. जा, मागं उभा राह्य.” कंडक्टर गर्दी चिरत मागच्या काचेपाशी गेला, पत्रा थापटत दिशा सांगू लागला, आणि ती एवढी गाडी रांगत रांगत मागं निघाली. मिशीवाला खिडकीबाहेर बघत होता. मी जिंकले होते, आणि मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू!

फाट्यावर सायकल होती. झाडाला टेकवलेली, कॅरिअरला डबा बांधलेला. तिचा बाप नव्हता.

मला लगेच कळलं. गाडी न थांबता गेलेली त्यानं पाहिली. पुलियापाशी थांबलेली पाहिली, घंटी ऐकली. मागच्या दोन वेळचं माझ्या नवऱ्यानं त्याला सांगितलेलं होतं तर. मग त्यानं तेच केलं जे कोणत्याही बापानं केलं असतं. पायवाटेनं, बांबूच्या बेटातून, कॅरिअरचा डबासुद्धा सोडून न घेता, एकटा धावला. तो जंगलातून पुलियाकडं आणि आम्ही सडकेनं उलट, फाट्याकडं.

“बाबा!” पोरगी ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “बाबा वो!”

ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मघाशी माझ्यावर तुटून पडलेली सगळी गाडी आता खिडक्यांना चिकटून बांबूकडं बघत होती. एक रोवणीवाली बाई रडायलाच लागली. मिशीवाला कोणाला तरी हळूच म्हणाला, “येते ना, जाते कुठी.” मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं बोलला नाही. पोरगी सायकलच्या हँडलला धरून उभी होती आणि सायकलची घंटी सारखी वाजवत होती.

बऱ्याच वेळानं बॅटरी दिसली. जंगलातून नाही, सडकेवरून, पुलियाच्या बाजूनं. तो पुलियापर्यंत पोचला होता, तिथं गाडी नाही हे पाहून हॉर्नच्या आवाजाच्या रोखानं सडकेनं धावत आला होता. एका पायात चप्पल नव्हती. पोटरीवर काट्यांनी ओरबाडलेलं. आला, पोरीला पाहिलं, आणि सडकेवरच बसला.

मला वाटलं आता तो कंडक्टरला धरेल. मी तर वाटच बघत होते. पण त्यानं गाडीकडं वर करून पाहिलंही नाही. दम खाऊन मला म्हणाला, “झालं, बाई. उद्यापासून नाई पाठवत.”

आतून कोणीतरी टण टण केलं. गाडी निघून गेली.

घरापर्यंत मी त्याच्याशी भांडले. डबा वाजवत, काठी आपटत, भांडत चाललो आम्ही. “भाऊ, घंटी त्यानं मारली, अन् शिक्षा पोरीले? हे कोणता न्याय आहे?”

“त्याले कोण शिक्षा देते, बाई?” तो म्हणाला. “माह्या हातात त्याले अडवणं नाई. माह्या हातात माही पोट्टी आहे, तिले अडवतो.”

“बारावीचं वर्ष आहे तिचं!”

“मले माहीत नाई का? आज मले काई झालं असतं तं हे कोणती बारावी शिकली असती?”

पोरगी आमच्या मध्ये चालत होती. तिनं बापाची सायकल धरली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मिशीवाल्याला टपरीपाशीच गाठलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, काही शब्द छापण्यासारखे नव्हते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खर्रा तोंडात टाकत म्हणाला, “वाघ मी सोडला का तुमच्या मागं? भेटला ना तिचा बाप? मंग काऊन बोंबलून राह्यल्या?”

असा माणूस. मी त्याला कधी माफ करणार नाही, आणि त्यानं माफी मागितलेलीही नाही.

आठवडाभर मी पोरीच्या घरी जात राहिले. बाप मला चहा द्यायचा, मान खाली घालून जाळं विणत बसायचा. आई म्हणायची, “बाई, तुम्ही बरोबर आहा, पण हे ऐकत नाईत.” पोरगी दिसायचीच नाही. रोवणीला जायला लागली होती.

मग एका सकाळी मी फाट्यावर गाडीची वाट बघत होते आणि रोवणीच्या बायांची टोळीही तिथंच टेम्पोची वाट बघत होती. त्यांच्यात ती. लुगडं नाही, ड्रेसवरूनच बापाचा जुना शर्ट घातलेला, डोक्याला तीच कॉलेजची पांढरी ओढणी गुंडाळलेली, आता पांढरी म्हणायची एवढंच. मला रडू येईल म्हणून मी दुसरीकडं बघायला लागले. तीच आली जवळ.

“बाई, रागावल्या का?”

“तुह्यावर काऊन रागावू?”

माझी गाडी दिसली तेव्हा तिनं डोक्याची ओढणी सोडली आणि माझ्या हातात कोंबली. “माही जागा ठेवजा, बाई. हे टाकजा तिथी. बाबाले मनवतो मी. परीक्षेच्या आधी येतो.”

मी तिला किती वेळा सांगितलं होतं, कापड फेकायचं नाही. तरी मी ती घेतली. गाडीत चढले आणि ओढणी पिशवीत ठेवली. तिला चिखलाचा वास येत होता.

त्या संध्याकाळी स्टँडावर गाडी वळायला लागली आणि मी पळाले. या वयात, साडी सावरत, बाबू लोकांच्या बरोबरीनं. खिडकीतून ती ओढणी आत फेकली. मिशीवाल्याचा दुपट्टा पडायच्या आधी माझी ओढणी पडली. चढले, तिच्या शेजारी बसले.

तो आला. “कोणाची जागा आहे हे?”

“फाट्यावरच्या पोरीची.”

“ते तं येतच नाई आता.”

“काऊन येत नाई, ते तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत आहे?”

आजूबाजूचे बघायला लागले. तो काहीतरी पुटपुटला, दोनदा इकडं तिकडं पाहिलं आणि मग वरचा दांडा धरून उभा राहिला. अख्खा रस्ता उभा होता, माझ्याच डोक्यावर. मी त्याला एकदाही बस म्हटलं नाही.

तेव्हापासून रोज असंच. कोणी लेकुरवाळी किंवा रोवणीची थकलेली बाई चढली तर तिला त्या जागेवर बसवते, ओढणी मांडीवर घेते, आणि सांगते, ही एका पोरीची जागा आहे, ती आली की उठजो. अपडाऊनवाल्याला मात्र नाही. मला कजाग म्हणतात, येडी म्हणतात, म्हणोत. फाटा आला की मी ओढणी झटकून पिशवीत घालते आणि उतरते. दारापर्यंत पोचायच्या आत ती जागा कोणीतरी बळकावलेली असते.

खाली माझा नवरा बॅटरी घेऊन उभा असतो. आता रोज त्याचाच नंबर असतो.